जवारी, फ्लॅक आणि एक छोटासा डॅक

पहाटेचे पाच. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत अजून रिक्षा सुरू झालेल्या नाहीत. बाबा तंबोरा जुळवतायत. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो. तो केसभर सरकवला की सूर एकदम खुलतो, झणकारायला लागतो. हीच जवारी. चाळीस वर्षं बाबांचा कान या एका जागेवर बसलेला आहे. म्हणून डॅक घ्यायचं ठरलं, तेव्हा परीक्षेला मी त्यांनाच बसवलं.

डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांची विजेची लहर करणारा भाग. फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये तो असतोच. प्रश्न होता, वेगळा घ्यायचा का आणि घेतला तर केवढ्याचा?

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिचं माप तेव्हापासून तेच आहे : सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं म्हणजे नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि माणसाचा कान ऐन तारुण्यातही २० च्या आसपास थांबतो. हाय-रेझ म्हणून मिळतात त्या फाइली बहुधा २४ बिटांच्या, ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या. तासाभराचा राग सीडीच्या मापात साधारण ६३५ एमबी होतो, २४-९६ मध्ये दोन जीबीच्या वर जातो. फ्लॅक हा फाइलचा प्रकार हा आकार बराच कमी करतो, तोही एकही आकडा न गमावता. एमपी३ मात्र आवाजातला काही भाग कायमचा काढून टाकतो. त्या एमपी३ची पुढे फ्लॅक केली तरी गेलेलं परत येत नाही.

मी एकाच २४-९६ रेकॉर्डिंगच्या तीन फाइली घेतल्या : मूळ, सीडीच्या मापाची आणि १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट, म्हणजे बरीच दाबलेली) एमपी३. तिन्हींचा आवाज काटेकोर सारखा ठेवला, कारण जरा मोठं वाजणारं नेहमीच सरस वाटतं. फाइल बदलायला आई बसली. बाबांनी हेडफोन लावून डोळे मिटले.

एमपी३ लागली आणि ते लगेच म्हणाले, "दोरा सरकलाय."

उरलेल्या दोन फाइली दहा वेळा आलटून पालटून ऐकवल्या. त्यांना फरक सांगता आला नाही. मलाही नाही.

मग दुकानात हाय-रेझ आवृत्ती वेगळी का वाटते? पुष्कळदा ती नव्याने मास्टर केलेली, म्हणजे विक्रीआधी आवाजाची शेवटची जुळवणी पुन्हा केलेली असते म्हणून. फरक तिथे पडतो. जुन्या मैफलींच्या टेपवर तर टेपची खरखरच इतकी असते, की सगळ्यात बारीक आवाज तिच्यातच बुडतात आणि १६ बिटही पुरून उरतात. तिथे मूळ टेप कुणी, किती जपून उतरवली हे बघावं, १९२ चा आकडा नव्हे.

डॅक निवडताना मी आधी हेडफोन पाहिले. ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप) साध्या हेडफोनला बोटाएवढा यूएसबी डॅक पुरतो. ३०० ओहमचे असतील तर जास्त व्होल्टेज देणारा अॅम्प्लिफायर लागतो. आमचे ३२ चे. छोटा डॅक आणला, लॅपटॉपला लावला आणि तो बाहेरच्या अॅम्प्लिफायरला जोडला. तंबोऱ्याच्या खाली बारीक घुंऽऽ ऐकू यायला लागली. मला वाटलं, डॅकच खराब निघाला. बाबा उठले आणि लॅपटॉपचा चार्जर काढला. घुमणं थांबलं. चार्जर आणि अॅम्प्लिफायर यांच्या अर्थिंगमधून ते येत होतं.

आता पहाटे लॅपटॉप बॅटरीवरच चालतो.