जुन्या मोटारीला पुढचे डिस्क ब्रेक

जुन्या मोटारीचे पुढचे ड्रम ब्रेक काढून तिथे डिस्क ब्रेक बसवायचे आहेत. चाक उतरवल्यावर दिसणाऱ्या ओतीव लोखंडी ड्रमच्या आत दोन ब्रेक शू, म्हणजे घर्षणाचे अस्तर लावलेल्या कमानी, फाकून त्याला घासतात. लांब उतारावर ड्रम तापतो, प्रसरण पावून शूपासून दूर जातो आणि पेडल दर वेळी अधिक खाली जाऊ लागते. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक चकती, म्हणजे डिस्क, फिरते आणि दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटतात. उघड्या वाऱ्यावर फिरणारी ही डिस्क तापली तरी पॅडपासून दूर जात नाही. १९५३ साली फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या जॅग्वार सी-टाइपला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. आपल्याला मात्र पुढची दोनच चाके पुरतात, कारण ब्रेक लागताच मोटारीचा भार पुढे येतो.

त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलला कारखान्यातूनच डिस्क आल्या असतील, तर त्याचे स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर फिरते तो आखूड आस), हब (चाक जिथे बोल्टने बसते तो मधला भाग) आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) भंगारातून घ्यावेत. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असेल, तर फुकट मिळाली तरी घेऊ नये. कॅलिपरच्या आकाराचा पुठ्ठा कापून तो चाकाच्या आत बसतो का, हे आधीच पाहावे. रबरी होज, सील आणि पॅड मात्र नवेच हवेत.

खरी अडचण पुढेच आहे. ड्रमच्या फिरण्याने त्यातला पुढचा शू आपोआप ड्रमवर आणखी दाबला जातो. डिस्कला ही मदत नसल्याने तिला दाब जास्त लागतो. त्यातच कॅलिपरचे पिस्टन मोठे, म्हणून ब्रेक ऑइलही जास्त लागते. पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा व्यास वाढवला तर पेडल कमी खाली जाते, पण तेवढ्याच जोरात दाब कमी मिळतो. ही ओढाताण बहुधा पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बसवूनच मिटते. ड्रमच्या लाइनमध्ये, म्हणजे ऑइलच्या नळीत, दर चौरस इंचाला सुमारे १० पौंड दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो पुढच्या लाइनमध्ये राहिला, तर पॅड डिस्कला घासतच राहतात. मास्टर सिलिंडर एकेरी (चारही चाकांना एकच) असेल, तर तो बदलून दुहेरी (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळा दाब देणारा) बसवावा. इथली काटकसर मला मान्य नाही.

डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की हवा काढण्याचे निपल खाली येते आणि हवा वरच अडकते. कितीही ब्लीडिंग केले तरी पेडल मऊच लागते. जाणते हातही इथे फसतात.

आता मोकळ्या मैदानात, कमी वेगाने चाचणी. जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाके आधी अडकली, म्हणजे फिरायची थांबली, तर गाडी फिरते; म्हणून पुढची चाके आधी अडकेपर्यंत मागच्या लाइनमधला दाब नियंत्रक व्हॉल्व्हने थोडा थोडा कमी करत जायचे.