जाळरेषेच्या पलीकडे

(दृश्य : पहाट. सागाचं रान, खाली दूरवर केळीच्या बागा)

जानेवारी सरत आला, की यावल अभयारण्यातला साग अंगावरची पानं टाकू लागतो. एकेक पान ताटाएवढं. त्यांचा थर घोट्यापर्यंत साचतो. पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. सातपुड्यातला वणवा शेंड्यांवरून जात नाही, तो याच थरातून जमिनीसरसा पळतो.

(दृश्य : जाळरेषेवरचे मजूर)

त्याची वाट अडवायला ही जाळरेषा, म्हणजे आधीच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा. आधी विळ्यानं गवत कापायचं आणि ते वाळू द्यायचं. मग वारा पडलेली वेळ साधून पट्टा पेटवायचा. दोन्ही कडांना माणसं उभी आहेत. त्यांच्या हातात पानांसकट ओल्या फांद्या आहेत. जाळ कडेबाहेर सरकला की याच फांद्यांनी झोडपून विझवायचा. १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम लागतो, तो १५ जूनपर्यंत चालतो. त्याआधी हे काम हातावेगळं व्हावंच लागतं, कारण मार्चमध्ये मोह फुलतो. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, आणि तोच जाळ पुष्कळदा डोंगर चढतो. ही माणसं दिवसभर धुरात उभी राहतात म्हणून जंगल वाचतं.

पण पट्टा संपला तरी कोयता थांबत नाही. जळण कमी व्हावं म्हणून पट्ट्याबाहेरचीही झुडपं निघतात, पडलेली खोडं ओढून नेली जातात.

(दृश्य : जवळून, सालईचं आडवं खोड)

हे खोड बघा. त्याच्या पोटाखाली बोराच्या आठोळ्या पडल्या आहेत, एका बाजूनं कुरतडून गर काढून घेतलेल्या. शेजारी गवताच्या बुडातून दोन बोटं रुंद वाट गेली आहे. उंदरांची रोजची वहिवाट आहे ही. वणवा वरून निघून गेला, तर खोल बिळातला उंदीर बहुधा वाचतो. मातीखाली आच फारशी उतरत नाही. त्याची खरी अडचण पुढे सुरू होते. लपायला आडोसा उरत नाही, आणि वर घार असते.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सूचिपर्णी जंगलांत वणव्याचा धोका कमी करायला विरळणी केली, म्हणजे झाडं-झुडपं काढून रान मोकळं केलं, आणि तिथल्या प्राण्यांचं काय होतं ते तपासलं गेलं. मोकळ्या जमिनीवर वावरणारे काही उंदीर वाढले, दाट छताखाली राहणाऱ्या उडत्या खारी मात्र घटल्या. म्हणजे विरळणी सगळ्यांना सारखी लागत नाही.

(दृश्य : वाळक्या फांदीवर रानपिंगळा)

हा रानपिंगळा, एक छोटं घुबड. १८८४नंतर त्याचा ठावठिकाणा नव्हता. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७मध्ये, तो आपल्या खानदेशात, शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याला विरळ रानच मानवतं. उघड्या फांदीवर बसून तो खालची जमीन न्याहाळतो. पण तो उतरतो सरड्यांसाठी, उंदरांसाठी, आणि त्यांना पाचोळा लागतो, झुडूप लागतं, असं एखादं खोडही लागतं. घरटं करायला त्याला जुन्या झाडाची ढोली हवी. जमीन झाडून चकचकीत केली, तर त्यानं खायचं काय?

जाळरेषा हवीच, ती स्वच्छही हवी. तिच्या पलीकडची खोडं जागच्या जागी राहू द्या, झुडपांची बेटं सोडा. आमची मागणी एवढीच आहे.

(दृश्य : संध्याकाळ, विळे खांद्यावर टाकून परतणारी टोळी)

उद्या ही टोळी नाल्यापलीकडे लागेल. तिथेही एक सालई आडवी पडली आहे.