साडेत्रेसष्ट अंशांची सावली

(दृश्य : पहाट. दादर पूर्वेची हिंदू कॉलनी. खराट्याचा आवाज.)

सकाळी सहाच्या सुमारास या गल्लीत पहिला आवाज येतो तो खराट्याचा. एप्रिल-मे महिन्यांत पीतमोहराच्या पाकळ्यांचा थर रस्त्यावर आणि उभ्या गाड्यांच्या टपांवर इतका दाट पडलेला असतो, की झाडणाऱ्या ताईंना एकाच गल्लीत तीन-तीन ढीग लावावे लागतात आणि शेवटचा ढीग भरून होईपर्यंत पहिल्या जागी पुन्हा पिवळा सडा पडलेला असतो. त्यानंतर दूधवाल्याची सायकल येते, मग शाळेच्या गणवेशातली मुले आणि त्यांची दप्तरे सांभाळणारे आजोबा. पाच मिनिटांच्या अंतरावर दादर स्थानक माणसांनी ओसंडत असते. इथे मात्र कोकिळेचा आवाज ऐकू येतो. माझे बालपण याच गल्लीत गेले आणि हा शांतपणा मी कितीतरी वर्षे गृहीत धरला. तो कोणीतरी विचारपूर्वक, मोजमाप करून निर्माण केलेला आहे, हे मला फार उशिरा समजले.

या सावलीची सुरुवात एका भयंकर साथीपासून होते. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पाहता पाहता मुंबई रिकामी होऊ लागली. ज्या घरांत दुपारीही दिवा लावावा लागत होता, जिथे एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहत होती, तिथे माणसे मोठ्या संख्येने दगावली. त्यातून 1898 साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेकडे नव्या, मोकळ्या वसाहती आखणे, ही कामे या ट्रस्टकडे आली. दादर-माटुंगा योजना ही त्यांपैकी एक. भातखाचरे, नारळीच्या वाड्या आणि पाणथळ जमीन असलेल्या या भागात विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रस्ते आखले गेले, भूखंड पाडले गेले आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले.

या योजनेतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि ती एका कोनात सामावलेली आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी घरात उजेड आणि हवा पुरेशी यावी म्हणून 63.5 अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या तळमजल्याच्या पायथ्यापर्यंत एक रेषा ओढली, तर तिने जमिनीशी केलेला कोन 63.5 अंशांहून अधिक असू नये, असा त्याचा अर्थ. साध्या भाषेत सांगायचे, तर दोन इमारतींमध्ये जितके अंतर असेल, त्याच्या दुपटीहून अधिक उंची चढवायची नाही. हा हिशेब आरोग्यासाठी केलेला होता, झाडांसाठी नव्हे. परंतु तळमजल्यावरच्या बाळंतिणीच्या खोलीत ऊन यावे म्हणून जी जागा मोकळी राहिली, तिथेच झाडांना हातपाय पसरता आले. दोन-तीन मजल्यांची घरे, भोवती आवार, पुढे फाटक आणि फाटकाबाहेर रुंद फूटपाथ, अशी जी रचना झाली, तिच्यात वर्षावृक्षाची (रेन ट्रीची) फांदी रस्ता ओलांडून समोरच्या फांदीला जाऊन भिडली.

डॉ. आंबेडकर मार्ग ओलांडला की पलीकडे पारशी कॉलनी लागते. मंचरजी एदलजी जोशी या अभियंत्याने ट्रस्टकडे पाठपुरावा करून मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी इथे भूखंड राखून घेतले. मुंबईतील अनेक पारशी बागांभोवती भिंत असते. या कॉलनीला भिंत नाही, त्यामुळे कोणीही या रस्त्यांवरून सावलीतून चालत जाऊ शकतो. मंचरजींनी रस्त्यांच्या दुतर्फा झाडे लावण्याकडे जातीने लक्ष दिले आणि आज फाइव्ह गार्डन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच बागांना त्यांचेच नाव आहे.

(दृश्य : फाइव्ह गार्डन्स, संध्याकाळ.)

संध्याकाळी पाचनंतर या बागांत येऊन बसावे. एका बाकावर दोन पारशी वृद्धा गुजरातीत बोलत असतात, शेजारच्या बाकावर माटुंग्याची एक तमिळ आजी नातवाला वाटीतून दहीभात भरवते, आणि पलीकडे जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुले परीक्षेच्या वह्या पसरून बसलेली असतात. वर्षावृक्षाच्या काळ्या, चिकट शेंगा चपलांच्या तळाला चिकटतात आणि मुलांना त्या दगडावर आपटून फोडण्यात भारी मौज वाटते. आम्हीही तेच करत होतो. घरी गेल्यावर आई उंबऱ्यातच थांबवायची आणि चपलांचे तळ खरवडून घ्यायला लावायची.

मुलाबाळांच्या संसाराला शहरात नेमके काय लागते, याचे उत्तर या परिसरात पावलापावलावर मिळते. मुलांना एकटे पाठवता येईल इतक्या अंतरावर शाळा लागते, आणि ती शाळा आणि घर यांच्यामधला रस्ता उन्हाचा नसावा लागतो. रुईया महाविद्यालय 1937 साली आणि पोदार महाविद्यालय 1941 साली इथेच सुरू झाले. एकाच घरातली दोन-तीन भावंडे बालवाडीपासून पदवीपर्यंत लोकलमध्ये पाय न ठेवता शिकली, अशी उदाहरणे माझ्याच पिढीत आहेत. माटुंग्याच्या बाजारात केळीची पाने आणि मोगऱ्याचे गजरे मिळतात, दादर टीटीला बस मिळते. त्या नावातला ‘टीटी’ म्हणजे ट्राम टर्मिनस, जिथे मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी धावली.

या परिसराविषयी बोलताना एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ट्रस्टने जितकी घरे पाडली, तितकी बांधली नाहीत, आणि ही मोकळी हवा सर्वांच्या वाट्याला आली नाही. गिरणी कामगारांसाठी ट्रस्टने बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळी उभारल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोन दशके राहिले. एक खोली संसाराची आणि एक ग्रंथांची, अशी ती ओढाताण होती. पुढे त्यांनी हिंदू कॉलनीत स्वतःचे घर बांधले आणि त्याला प्राचीन मगधाच्या राजधानीचे नाव दिले, राजगृह. हजारो ग्रंथांसाठी जागा हवी, हा त्या घराच्या आखणीतला मुख्य विचार होता. रमाबाईंचे निधन 27 मे 1935 रोजी याच घरी झाले, आणि डिसेंबर 1956 मध्ये दिल्लीहून बाबासाहेबांचे पार्थिव आणले गेले तेही इथेच. दरवर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेली माणसे लेकरांना कडेवर घेऊन या घरासमोर येतात, दर्शन घेतात आणि थकलेली कुटुंबे गल्लीतल्या झाडांखाली शिदोरी सोडून बसतात. या झाडांची सावली त्या दिवशी जितकी सार्थकी लागते, तितकी वर्षात दुसऱ्या कोणत्याही दिवशी लागत नसेल, असे मला मनापासून वाटते.

(दृश्य : पत्र्याचे कुंपण, खोदलेला भूखंड.)

आता गल्लीत दर दोन-चार इमारतींमागे असे हिरवे-निळे पत्रे दिसतात. जुन्या इमारती जीर्ण झाल्या आहेत, जिने खचले आहेत, उद्वाहन नसल्यामुळे म्हातारी माणसे वरच्या मजल्यांवर अडकून पडली आहेत. त्यामुळे पुनर्विकासाला सरसकट विरोध करणे अन्यायाचे होईल. प्रश्न उरतो तो मधल्या जागेचा. जिथे तीन मजले होते तिथे वीस मजले येतात, आवाराच्या जागी गाड्यांसाठी तळघर खोदले जाते आणि ते कुंपणाला भिडवून खोदले, की फूटपाथवरच्या झाडाची एका बाजूची मुळे कापली जातात. झाड त्या वर्षी पडत नाही. आमच्या घरासमोरचा वर्षावृक्ष शेजारच्या भूखंडावर खोदकाम झाल्यानंतर दोन पावसाळे उभा होता आणि तिसऱ्या जुलैमध्ये एका रात्री संपूर्ण उन्मळून पडला. सकाळी मी त्याच्या बुंध्याशी गेलो, तेव्हा सालीत पूर्ण गिळला गेलेला लोखंडी सळईचा तुकडा दिसला. रोप असताना त्याच्या रक्षणासाठी बसवलेल्या पिंजऱ्याची ती सळई होती.

महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या संरक्षणासाठी 1975 चा कायदा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडांना वारसा वृक्ष मानले गेले. कायदा झाड तोडणाऱ्याला अडवतो. परंतु बुंध्यापर्यंत सिमेंट ओतणारा, मुळांवर पेव्हर ब्लॉक ठोकून बसवणारा सहसा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने मुंबईतील अनेक वर्षावृक्ष वाळले. ज्या झाडाच्या मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, त्याला अशा किडीशी झुंजण्याचे बळ कोठून येणार?

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीतील काही रहिवाशांनी महापालिकेच्या उद्यान खात्याकडे अर्ज करून परवानगी मिळवली. एका रविवारी एका जुन्या पीतमोहराभोवतीचे सिमेंट छिन्नी-हातोडीने काळजीपूर्वक फोडण्यात आले, सुमारे एक मीटर रुंदीचे आळे करण्यात आले आणि त्यात शेणखत घातलेली लाल माती भरली. दहा-बारा वर्षांची मुले घमेली वाहत होती. दोन आठवड्यांनी पहिला मोठा पाऊस झाला, तेव्हा तीच मुले छत्र्या घेऊन खाली उतरली. फूटपाथवरचे पाणी नेहमीप्रमाणे गटाराकडे धावत होते. आळ्यात मात्र ते घोट्याएवढे उभे राहिले, त्यावर काही पिवळ्या पाकळ्या तरंगल्या आणि अर्ध्या तासात सगळे पाणी मुरून गेले.