अतिनील टॉर्च: ३६५ की ३९५?

आधी दिवे घालवा, मग बोलू. माझ्या हातात दोन टॉर्च आहेत. दिसायला अगदी जुळ्या. फरक फक्त अंगावर कोरलेल्या आकड्याचा: एकीवर ३९५, दुसरीवर ३६५. टेबलावर कॅल्साइटचा एक खडा ठेवलाय. आधी ३९५ची लावतो. काय दिसलं? जांभळा झोत, जांभळं टेबल, जांभळा खडा, माझा हातसुद्धा जांभळा. आता ती विझवून ३६५ची लावतो. टेबल गेलं. हात जवळजवळ गेला, नखं तेवढी फिकट निळी दिसताहेत. आणि काळोखात तो खडा आतून दुधाळ निळा पेटलाय.

हा खडा सहा वर्षं माझ्याकडे पडून होता. डबीवर मी स्वतःच्या हातानं ‘चमकत नाही’ अशी चिठ्ठी लावली होती, कारण तेव्हा माझ्याकडे ३९५ची टॉर्च होती. खडा तेव्हाही चमकत होताच. त्याचा निळा उजेड टॉर्चच्या जांभळ्यात बुडून जात होता. म्हणून आज मला एकच गोष्ट तुमच्या मनावर ठसवायची आहे. अतिनील टॉर्च किती प्रखर आहे हे विचारण्याआधी, ती किती काळोख राखते हे विचारा.

दिवे लावा आता. जुन्या मराठी विज्ञानग्रंथांत अतिनील किरणांना ‘जंबुपार’ म्हणत. जांभळ्याच्या पार गेलेले. मला हा शब्द फार आवडतो, कारण सगळा प्रश्न या ‘पार’मध्ये आहे. टॉर्चवरचा आकडा म्हणजे तिच्या प्रकाशाची तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये; तो जितका लहान, तितका प्रकाश जांभळ्याच्या पलीकडचा. ३९५ नॅनोमीटर म्हणजे उंबरठ्यावर एक पाय. ३६५ म्हणजे खरोखरच पलीकडे. आपला डोळा सर्वांत तल्लख असतो ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्याला. ४०० नॅनोमीटरला त्याची संवेदनशीलता त्याच्या सुमारे अडीच हजारांश उरते. अडीच हजारांश म्हणजे शून्य नव्हे, हे लक्षात घ्या. टॉर्चचा झोत तीव्र असला की तेवढंही पुरतं. शिवाय एलईडी कधीच नेमक्या एका तरंगलांबीचा प्रकाश देत नाही. आकडा लिहिलेला असतो तो शिखराचा. त्या शिखराला दोन्ही बाजूंना उतार असतो, आणि ३९५चा उतार थेट दिसणाऱ्या जांभळ्यात जाऊन पोचतो.

आता थोडं मागे जाऊ. १८०१मध्ये योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञानं लोलकातून सूर्यप्रकाश पसरवला आणि सिल्व्हर क्लोराइड वेगवेगळ्या रंगांत धरून पाहिलं. जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे ते सगळ्यांत लवकर काळं पडलं. पण माझ्या दृष्टीनं याहून सुंदर प्रयोग जॉर्ज स्टोक्स या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचा आहे, १८५२चा. त्यानं क्विनाइनच्या, म्हणजे हिवतापावरच्या औषधाच्या, द्रावणाची परीक्षानळी त्याच पसरलेल्या रंगपट्टीतून हळूहळू सरकवत नेली. लाल, पिवळा, हिरवा: द्रावण पाण्यासारखं स्वच्छ. जांभळ्याच्या टोकाशी नळीत निळसर झाक उमटली. आणि नळी पट्टीच्या बाहेर, काळोखात गेली, तरी ती झाक विझली नाही. द्रावण न दिसणारा प्रकाश गिळत होतं आणि दिसणारा परत देत होतं. फ्लोराइट या खनिजावरून स्टोक्सनं या घटनेला फ्लुओरेसन्स हे नाव दिलं. बाहेर पडणारा प्रकाश आत शिरलेल्या प्रकाशापेक्षा साधारणपणे लांब लहरीचा असतो, कारण मधल्या मध्ये थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपानं खर्च होते. दोन तरंगलांबींमधलं हे अंतर आजही स्टोक्सच्याच नावानं ओळखलं जातं.

हा प्रयोग तुम्हाला घरी टॉर्चवर करता येईल, म्हणून तो इतका रेंगाळत सांगितला. क्विनाइन सर्वांत जास्त शोषण करतं ३५० नॅनोमीटरच्या आसपास. ३६५लाही ते बऱ्यापैकी शोषतं, ३९५पर्यंत येता येता त्याचं शोषण जवळजवळ संपलेलं असतं. क्विनाइन असलेलं टॉनिक वॉटर पेल्यात ओता. ३६५खाली पेला निळा उजळेल. ३९५खाली जेमतेम. टॉर्चवर काहीही छापलेलं असो, पेला खरं सांगेल. पांढऱ्या कागदावर मात्र ही परीक्षा करू नका. कागदात आणि धुण्याच्या साबणात घातलेली उजळकं दोन्ही टॉर्चखाली इतकी झळाळतात की काहीच कळत नाही.

मग ३६५ घेतली की काम झालं? नाही. या ३६५च्या तोंडावर एक काळी काच बसवलेली आहे. ती काढतो आणि भिंतीवर झोत टाकतो. बघा, फिकट पांढुरका डाग. ३६५च्या एलईडीतूनही थोडा दिसणारा प्रकाश गळतो. मंद चमकणाऱ्या खनिजाला झाकून टाकायला तेवढाही पुरे. ही काळी काच दिसणारा प्रकाश अडवते आणि अतिनील जाऊ देते. तिची मूळ कल्पना रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाची, १९०३ची. त्याच्या काचेत निकेल ऑक्साइड होतं. पुढे १९२५मध्ये डोक्यावरचा नायटा ओळखण्यासाठी तिचा वापर झाला आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या हातात ‘वुड्स लॅम्प’ आला. त्याच्या उजेडात काही बुरशींनी धरलेले केस हिरवट चमकतात, कोडाचे डाग भोवतीच्या त्वचेतून स्पष्ट उठून दिसतात. आज टॉर्चच्या जाहिरातीत ‘झेडडब्ल्यूबी२’ असं लिहिलेलं दिसतं, ती याच जातीची काच. ती ३९५च्या टॉर्चवर लावून ३६५ मिळेल, अशी काहींची समजूत असते. तसं होत नाही. फिल्टर तरंगलांबी बदलत नाही. ३९५ला ही काच स्वतःच बऱ्यापैकी बंद असते, त्यामुळे हाती उरतो एक मिणमिणता झोत.

३६५ हाच आकडा का, असं मला नेहमी विचारतात. एक कारण जुनं आहे: पाऱ्याच्या दिव्याची एक ठळक रेषा ३६५ला येते. म्हणून एलईडीच्या कितीतरी आधीपासून रंगद्रव्यं, प्रकाशानं घट्ट होणारी रेझिनं आणि खनिजांच्या नोंदी या आकड्याभोवती जमत गेल्या. दुसरं कारण पदार्थाचं. हे एलईडी गॅलियम नायट्राइडच्या कुळातले. त्यात इंडियम मिसळलं की प्रकाश निळ्याकडे सरकतो. ३९५ला थोडं इंडियम असतं आणि एलईडी उत्तम चालतो. शुद्ध गॅलियम नायट्राइडची ऊर्जादरी, म्हणजे प्रकाशाचा रंग ठरवणारी इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतली फट, सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे जवळजवळ नेमके ३६५ नॅनोमीटर. या कडेवर स्फटिक स्वतःचाच प्रकाश गिळायला लागतो. त्याच्या पुढे जायचं तर ॲल्युमिनियम मिसळावं लागतं आणि कार्यक्षमता झपाट्यानं घसरते. ३६५ची टॉर्च महाग का आणि लवकर तापते का, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

आता ३९५वर अन्याय नको. माणिक घ्या. त्यातलं क्रोमियम ४०० नॅनोमीटरच्या जरा पुढे भरपूर प्रकाश शोषतं, त्यामुळे जांभळ्या टॉर्चखाली ते निखाऱ्यासारखं लाल होतं. लाल उजेड जांभळ्यात हरवतही नाही. रात्री विंचू शोधायचा असेल तर ३९५ पुरते, त्याचं कवच लांबूनच हिरवं-निळं पेटतं. नुकती कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही, कवच कडक होताना ती चमक येते. युरेनियमची हिरवी काचही ३९५खाली छान उठते. रेझिन घट्ट करायचं तर रेझिनच्या डब्यावरचा आकडा पाहा, कित्येक रेझिनं ४०५ मागतात. ३९५सोबत पिवळा चष्मा घातला तर जांभळा झोत बराचसा कापला जातो आणि पिवळी, नारिंगी, लाल चमक स्वच्छ दिसते. निळी चमक मात्र चष्म्याबरोबर जाते. माझा कॅल्साइट तसा कधीच सापडला नसता.

जाहिरातीतल्या एका गोष्टीची मला मनापासून चीड आहे: अतिनील टॉर्चवर लिहिलेले ल्युमेन. ल्युमेन हे माप डोळ्याच्या संवेदनशीलतेनं गुणलेलं असतं. जो प्रकाश दिसायलाच नको, त्याचे ल्युमेन जास्त असणं हा दोष आहे. विचारायचं ते मिलिवॅटमध्ये: विजेचे वॅट नव्हेत, बाहेर पडणाऱ्या अतिनीलाचे.

डोळ्यांविषयी नीट ऐका. फिल्टर लावलेली ३६५ दिसत नाही, म्हणून बाहुली आकसत नाही आणि पापणी मिटत नाही. डोळ्यातलं भिंग हा प्रकाश शोषतं आणि स्वतःच मंद झळाळतं. झोत चुकून तोंडावर आला की दृष्टीसमोर धुकं दाटतं, ते यामुळे. झोत चकाकत्या पृष्ठभागावर मारू नका. अतिनीलासाठीचा पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक चष्मा घाला, तो ३६५ जवळजवळ पूर्ण अडवतो.

मागून प्रश्न आला की जंतुनाशक म्हणून विकली जाते ती टॉर्च कुठली. तो वेगळाच प्रदेश, पाऱ्याच्या २५४ नॅनोमीटरचा. त्यानं त्वचा भाजते, डोळ्याच्या बुबुळावरचं आवरण पोळतं आणि वेदना काही तासांनी सुरू होतात. पण त्या नावानं विकलेली पुष्कळ उपकरणं प्रत्यक्षात जांभळे एलईडी लावलेली निघतात. ओळखायचं कसं, ते दाखवतो. हातमोजे आणि मुखढाल घातलीय, तुम्ही तिथूनच बघा. दिवे घालवा. हा शीलाइटचा खडा, टंगस्टनचं खनिज. मघाच्या दोन्ही टॉर्च त्यावर टाकतो: काही नाही. आता हा २५४चा दिवा. निळा-पांढरा, लख्ख. मध्ये खिडकीची साधी काच सरकवतो. विझला. साधी काच ३६५ला वाट देते, २५४ला देत नाही. काच काढतो.

पुन्हा पेटला बघा.