बोटांना सुरकुत्या पडतात का?

नमस्कार श्रोतेहो. पोराच्या हाताला काच लागली, टाके पडले, जखम भरली, की घरातले निवांत होतात. आतली नस, म्हणजे मज्जातंतू, शाबूत आहे का हे कोणी पाहिलेलंच नसतं. मोठा माणूस सांगतो, "बोट बधिर झालंय." तीन वर्षांचं पोर काय सांगणार?

अशाच एका नातवाला घेऊन एक आजी आल्या होत्या. बरणीसकट पडलेला, डाव्या मनगटात करंगळीच्या बाजूला काच शिरलेली. जखम कधीच भरली होती. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, ह्याची करंगळी भिजतच नाही." मुलाची आई ओशाळून हसली. मी विचारलं, "भिजत नाही म्हणजे?" "अहो, टपात किती वेळ डुंबतो हा! बाकीच्या बोटांना सुरकुत्या पडतात, ही आपली गुळगुळीत." मी कोमट पाणी मागवलं, त्यात कागदाची होडी सोडली आणि पोराचे दोन्ही हात अर्धा तास बुडवून ठेवले. उजव्या हाताच्या बोटांचे मनुके झाले. डावी करंगळी आणि शेजारच्या बोटाची तिच्याकडची कड मात्र कोरी. करंगळीकडे जाणारी अल्नर नस तुटली होती. ऑपरेशन करून ती जोडली. ओ'रिएन नावाच्या आयरिश सर्जनने ही तपासणी 1973 साली छापून मांडली. आजींनी ती वाचली असण्याचा प्रश्नच नव्हता.

कारण सांगतो. सुरकुती नुसत्या पाण्याने पडत नाही. नसेच्या हुकमाने बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून पडते. नस तुटली, की सुरकुती नाही.

आणि हात कापणारा तो नायलॉनचा मांजा! 2017 पासून बंदी आहे, तरी संक्रांतीला गल्लोगल्ली मिळतो. साध्या दोऱ्याने पतंग उडत नाही का? असो.

जोडलेली नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, महिन्याला जेमतेम इंचभर. तोवर बोटं रोज हलवून मोकळी ठेवायची, सांगितलेला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, बांधायचा, गरम भांड्यापासून हात जपायचा. जाणीव परतू लागली, की डोळे मिटून तांदळाच्या डब्यात लपवलेले वाटाणे शोधायला लावा. व्यायाम म्हटलं की पोरं पळतात, वाटाण्यांना बसतात.

बोट चावून जखम करतो, चटका बसला तरी रडत नाही, खेळताना तो हात वापरत नाही? जखम भरली असली तरी हाताच्या सर्जनकडे न्या. लवकर न्या, कारण नसेवाचून स्नायू महिनोन्‌महिने तग धरत नाहीत.