टायरात उभं सरपण

मे महिन्याचा शेवट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या वाडीत आगोटीची कामं चालली आहेत. पाऊस लागायच्या आत सरपण फोडून पडवीत रचलं नाही, तर पुढचे चार महिने ओल्या लाकडाच्या धुरात डोळे चोळत बसायचं. स्वयंपाक गॅसवर होतो, पण आंघोळीचं पाणी अजून न्हाणीतल्या चुलीवरच तापतं.

लाकडं फोडताना खरी कंबर धरते ती वाकून वाकून. एक घाव बसला की ओंडक्याची शकलं दोन दिशांना उडतात. ती गोळा करा, परत ठोकळ्यावर उभी करा, मग पुढचा घाव.

काकींच्या खळ्यात मात्र शकलं जागची हलत नाहीत. त्यांनी गुडघ्याखाली येईल अशा ठोकळ्यावर गाडीचा जुना टायर बसवलाय. आतून चार स्क्रू, स्क्रूच्या डोक्याखाली रुंद वॉशर. बस्स, एवढंच.

आता जवळून बघा. हातभर लांबीचे आकेशियाचे ओंडके टायरात उभे केलेत, अगदी गच्च. जागा सैल राहिली की ते कलंडतात, म्हणून काकी फटीत बारीक फाटी कोंबतात. ओंडक्यांचे माथे टायरच्या काठाच्या चांगले वीतभर वर आलेत. ते खाली राहिले, तर दांडा काठावर आपटतो.

माथ्यावर वाळताना पडलेली चीर दिसतेय? घाव तिथेच. लाकूड रेषेत उकलतं, आडवं नाही. गाठ असेल तर ती टाळून बाजूने. जाड बुंधा मधोमध फोडायच्या नादाला काकी लागत नाहीत, कडेकडेने त्याच्या ढलप्या काढतात. एक घाव, एक पाऊल बाजूला, पुन्हा घाव. टायरभोवती एक फेरी पूर्ण झाली तरी त्या एकदाही वाकलेल्या नाहीत. साठीतल्या बाईसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे!

नेम चुकला तरी कुऱ्हाड रबरावर बसते, दगडावर आपटून धार जात नाही. पोरांना मात्र खळ्याबाहेरच ठेवा.

एक काम विसरू नका. टायरच्या खालच्या बाजूला भोकं पाडा. आत पाणी साचलं, तर डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात. काकींनी सहा भोकं पाडलीत, तरी पहिली सर आली की ठोकळा टायरसकट पडवीत येतो, रचलेल्या सरपणाशेजारी.