तक्रारीपासून सुरू होणारा विश्वास

“प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता.” योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात हे दोनदा येतं. आधी मार्था म्हणते, मग मरीया. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. त्या चार दिवसांत दोघी बहिणी एकमेकींशी हेच बोलत राहिल्या असणार. निरोप वेळेत गेला होता. येशूला आजारपण कळलं होतं, आणि तरी तो होता तिथंच आणखी दोन दिवस राहिला. त्यांच्या तक्रारीत खोटं काहीच नव्हतं.

येशू त्यांना गप्प करत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीयेला रडताना पाहून स्वतःच रडतो. थोड्या वेळात लाजर जिवंत होऊन कबरेबाहेर येणार हे ठाऊक असूनही रडतो. आपण मात्र दुःखाच्या घरी जातो आणि पाच मिनिटांत ‘यात देवाची काहीतरी योजना असेल’ म्हणून मोकळे होतो. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी निदान सात दिवस तरी तोंड उघडलं नव्हतं! मग ते बोलू लागले, आणि शेवटी देवाचा राग भडकला तो त्यांच्यावरच. देवाशी भांडणारा ईयोब खरं बोलला, असा निवाडा खुद्द देवानं दिला.

देवासमोर केलेली तक्रार ही प्रार्थनाच आहे, आणि पुष्कळांचा विश्वास तिथूनच सुरू होतो, असं मला वाटतं. तक्रार केली की गेलेलं परत मिळतं, असं मात्र मी म्हणणार नाही. येशूच्या मृत्यूनंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर निघालेले त्याचे ते दोघे शिष्य आठवा. कबर रिकामी असल्याची बातमी त्यांनी सकाळीच ऐकली होती, तरी ते यरुशलेम सोडून चालले होते. इस्राएलाची सुटका येशूच करील अशी आशा धरली होती, ती गेली, हे त्यांनी वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं. तो पुनरुत्थित येशूच होता, आणि त्यानं त्यांना आधी सगळं बोलू दिलं. त्याच रात्री ते उलटपावली शहरात आले. पण ज्या सुटकेची त्यांनी वाट पाहिली होती, ती त्या अर्थानं आलीच नाही. रोमी सत्ता तशीच राहिली, आणि इ.स. 70 मध्ये यरुशलेमचं मंदिरही पडलं.

पंडिता रमाबाईंकडे मी याच नजरेनं बघतो. त्यांचं चरित्र आपल्याकडे ‘दुःख आलं, ख्रिस्त भेटला’ इतकं सुटसुटीत करून सांगितलं जातं, आणि ते मला खटकतं. 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण. तेही व्रतं, दानं, तीर्थयात्रा करता करता, गाठीचं सगळं संपवून. पुढे भावाबरोबर वर्षानुवर्षं पायी भटकंती. 1880 मध्ये ढाक्यात भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि 1882 मध्ये पती कॉलऱ्यानं गेले. पदरात तान्ही मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या पुनर्वसनाचं काम तिथल्या भगिनी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी, कशा करतात ते त्यांनी पाहिलं होतं, येशूला विहिरीपाशी भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकली होती.

इथं चरित्र संपवायचा मोह होतो. पण रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्याला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं लागली. मधल्या काळात विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं, टीका झाली, प्रश्न विचारणं थांबलं नाही. धर्मगुरू सांगतात ते सगळं मान्य करायला तर त्या कधीच तयार नव्हत्या. आणि विश्वास स्थिरावल्यानंतरही दुःखानं त्यांना सोडलं नाही. 1921 मध्ये मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. त्यानंतर वर्षही उलटलं नाही, 5 एप्रिल 1922 ला रमाबाई वारल्या. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्या शेवटपर्यंत करत होत्या.

तुमच्यापैकी कुणाला सध्या प्रार्थनाच करता येत नसेल. उपासनेत सगळे गातात आणि आपले ओठ हलत नाहीत, असंही होतं. नका गाऊ, मंडळी गाते आहे. घरी गेल्यावर 88 वं स्तोत्र उघडा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी स्तोत्रं एकत्र केली त्यांनी त्याला आनंदाचा शेवट जोडला नाही, आणि ते गाळलंही नाही. मोठ्यानं वाचा, आणि तेवढं वाचून पुस्तक मिटलंत तरी चालेल.